जोडीचा नियम

सुट्टीचा दिवस होता. ओपीडी बंद होती, लिफ्टसमोर रांग नव्हती आणि कॅन्टीनवाल्याने अर्धं शटर खाली ओढून आत डुलकी काढायला घेतली होती. अशा शांत दुपारी ती हॉस्पिटलच्या तळघरात उतरली ती अगदी साध्या कामासाठी. एका वारलेल्या माणसाचं खातं तिला बंद करायचं होतं.

खातं म्हणजे बँकेतलं नव्हे, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरचं. माणूस नोकरी सोडून गेला, निवृत्त झाला किंवा देवाघरी गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं असतं. नाहीतर ते मोकळ्या घरासारखं उघडं राहतं आणि कोणीही आत शिरून बसतं. हा नियम तिनेच लिहिला होता आणि तिनेच तो वर्षभर मोडला होता. आज, वर्दळ नसलेला दिवस बघून, वरच्या मजल्यावर ऑडिटसाठी तपासनीस बाई येऊन बसणार होत्या. त्यांनी सगळं ठीक आहे असं लिहून दिलं की तिला बदलीचं पत्र हातात मिळणार होतं, आणि पत्र मिळालं की ती बस पकडून बाबांकडे जाणार होती. बॅग भरून वर केबिनमध्ये ठेवलेलीच होती.

बाबा दोन तासांच्या रस्त्यावर एका छोट्या गावात एकटे राहायचे. डोळे जवळजवळ गेले होते. थंडीत एकदा गॅस चालू ठेवून झोपले, शेजाऱ्यांना वास आला म्हणून वाचले. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागलेला होता. रोज फोनवर ते विचारायचे, "कधी येतेस गं?" आणि ती म्हणायची, "एवढं काम उरकलं की येतेच, बाबा." काम काही उरकत नव्हतं. पुढेपुढे बाबांनी विचारणं सोडलं, आणि ते तिला जास्त लागलं. तिथल्या लहानशा दवाखान्यात तिला जागा मिळाली होती. फक्त इथून सुटायचं बाकी होतं.

सगळं हॉस्पिटल तिला ओटीपीताई म्हणायचं. कॉम्प्युटरची सुरक्षा सांभाळणाऱ्या माणसाला कोणी प्रेमाने हाक मारत नाही, पण हे नाव जरा लाडाचं होतं. जिन्यात, लिफ्टमध्ये, शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, जिथे भिंत दिसेल तिथे तिने कागद चिकटवले होते. "आईने विचारला तरी पासवर्ड सांगू नका." ती स्वतःच खोटे ईमेल पाठवून लोकांची परीक्षा घ्यायची. एकदा "तुमची रजा मंजूर झाली आहे, इथे बघा" असा ईमेल तिने पाठवला, तर सर्वांत मोठे सर्जन पहिल्या फटक्यात फसले आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सिस्टर मंडळी म्हणायची, ओटीपीताई समोरून आली की आधी स्वतःचं नाव आठवून ठेवा, ती तेही खरं की खोटं विचारेल.

तिच्या जोडीला खात्रीनाना होते. तेही टोपणनावच. "खात्री करून घे," हे त्यांचं उठताबसताचं वाक्य. वॉर्डातून फोन आला की अमुक मशीन बंद करा, तर नाना फोन ठेवायचे आणि स्वतः त्या वॉर्डाला उलटा फोन लावून विचारायचे, खरंच तुम्हीच फोन केला होता का. लोक वैतागायचे. पण शेजारच्या शहरातलं एक हॉस्पिटल चोरांनी कॉम्प्युटरमध्ये शिरून, सगळ्या फायलींना कुलूप लावून ओलीस धरलं, तेव्हा इथे मात्र एक फाईल हलली नाही, आणि त्याचं श्रेय नानांच्या त्या संशयी सवयीला होतं.

जोडीचा नियम नानांनीच आणला. मोठं काही करायचं असेल, म्हणजे एखादा वॉर्ड नेटवर्कपासून तोडायचा, जुना डेटा पुसायचा, कोणाचं खातं बंद करायचं, तर ते एकट्या माणसाने करायचं नाही. एकाने अर्ज टाकायचा, दुसऱ्याने आपल्या कॉम्प्युटरवरून मान्य करायचा. एक माणूस चुकतो, थकतो, घाबरतो, विकतही घेतला जातो. दोघं एकाच वेळी सहसा चुकत नाहीत. तळघरात म्हणून दोन टेबलं शेजारी शेजारी मांडलेली, एक तिचं आणि एक नानांचं.

नाना गेले ते झोपेत. हॉस्पिटलने शोकसभा घेतली, फोटोला हार घातला, आणि त्यांच्या जागी माणूस काही नेमला नाही. बघू, करू, पुढच्या महिन्यात, असं चालू राहिलं. इकडे कामं थांबेनात. पहिल्याच आठवड्यात एका वॉर्डाचा कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला आणि तो ताबडतोब तोडणं भाग होतं. तिने अर्ज टाकला. मान्य करायला कोणी नव्हतं. नानांचं खातं उघडणारं कार्ड त्यांच्या खणातच पडलेलं होतं. तिने ते घेतलं, त्यांच्या खुर्चीत बसली आणि स्वतःचाच अर्ज स्वतःच मान्य केला. आजच्यापुरतं, असं ती मनाशी म्हणाली. असं आजच्यापुरतं एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, हे दुसऱ्यांना सांगणं हाच तर तिचा धंदा होता.

मग आली सासू.

हे नाव सिस्टर मंडळींनी दिलेलं. ती नवी सिस्टिम होती. पासवर्ड विचारून गप्प बसणारी नव्हे, तर माणसाच्या हातावर नजर ठेवणारी. कोण किती वेगाने टाइप करतं, कुठलं बटण जोरात दाबतं, कुठे अडखळतं, माऊस कसा फिरवतं, सगळं ती आठवड्यामागून आठवडे बघत राहायची आणि त्यावरून ठरवायची की खुर्चीत बसलेला माणूस तोच आहे की कोणी उपरा. पासवर्ड चोरता येतो, हाताची लकब चोरता येत नाही, असं ती आणणारे सांगत होते. दिवसभर पाठीमागे उभी राहून कामाची पद्धत बघते, म्हणून सासू.

दोन खाती आणि हात एकच, हे सासूच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? तेव्हा तिने एक युक्ती केली. नाना कसे टाइप करायचे ते तिला तोंडपाठ होतं. दोन्ही हातांची एकेक तर्जनी, मान खाली, आणि शेवटचं बटण दाबण्याआधी थांबून छताकडे एकदा बघायचं. नानांच्या खुर्चीत बसलं की ती नाना व्हायची. अंग जरा मागे टाकायचं, दोन बोटं, मग थांबायचं, वर बघायचं, आणि मान्य. आपल्या खुर्चीत आली की पुन्हा दहा बोटं, भराभर. सासू फसली. तिच्या दृष्टीने तळघरात दोन माणसं कामाला होती.

एकटं माणूस फार दिवस असं करायला लागलं की त्याला करमणूकही त्यातूनच सुचते. नानांच्या खुर्चीत बसून ती तिच्याच रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायची, "खात्री केलीस का?" मग उठून आपल्या खुर्चीत जायची आणि म्हणायची, "केली, नाना." तळघरात ऐकायला कोणी नव्हतं. थंड हवेच्या मशीनची घरघर, तारांचा किंचित जळका वास, काचेमागे हिरव्या दिव्यांची उघडझाप. दिवसाही तिथे ट्यूबलाइट लागायची.

दोनेक महिन्यांपूर्वी एकदा ती नानांच्या खुर्चीत बसली आणि पाहते तर तिच्या नावाचा अर्ज समोर तयार होता. कारण, तारीख, वॉर्ड, सगळं नीटनेटकं भरलेलं. आपण तो कधी टाकला हे तिला आठवेना. तिने डोळे चोळले आणि मान्य करून टाकला. पुढे असं वरचेवर व्हायला लागलं. अर्ज तिच्यापेक्षा छान लिहिलेले असायचे, शब्दांची काटकसर नाही की घाई नाही. रात्री झोप नाही, दिवसा जेवण धड नाही, विसरले असेन टाकून, असं तिला वाटायचं. खरं म्हणजे त्याच वेळी तिला भीती वाटायला हवी होती. पण भीती वाटायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

तर त्या दुपारी ती आपल्या टेबलाशी बसली, कार्ड लावलं आणि टाइप करायला लागली. पडद्यावर लाल पट्टी आली.

ही व्यक्ती खातेदार नाही.

तिने हात चोळले. गारठ्याने बोटं आखडली असतील. पुन्हा टाइप केलं, जरा सावकाश. पुन्हा तीच पट्टी. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम नेहमीच्या वेगाने केलं, आणि करताना तिच्या लक्षात आलं की नेहमीचा वेग म्हणजे नक्की कुठला हे तिला आठवावं लागतंय. पट्टी हटली नाही.

तिने सिस्टिमवाल्या कंपनीला टेबलावरच्या फोनवरून फोन लावला. पलीकडच्या इंजिनीअरने आधी नेहमीचे प्रश्न विचारले, मग थोडा वेळ नुसता बटणांचा आवाज येत राहिला.

"मॅडम, तुमचं खातं तर व्यवस्थित चालू आहे."

"कसलं चालू? मी मघापासून आत यायला बघतेय."

"नाही, म्हणजे... तुम्ही आत आहातच ना. दुसरा मजला, मीटिंग रूम. अर्धा-पाऊण तास झाला. ओळख अगदी पूर्ण पटलीय." तो जरा खूश झाल्यासारखा वाटला. "खरं सांगू का, गेले काही महिने तुमची ओळख फार डळमळीत यायची. सिस्टिमला खात्रीच नसायची. आज पहिल्यांदा इतकी स्वच्छ आलीय."

"अहो, मी तळघरात आहे."



"मग मीटिंग रूममध्ये..." तो म्हणाला. "थांबा. तळघरातल्या कॉम्प्युटरवर कोण आहे ते बघतो." पुन्हा बटणं. "इथे अनोळखी व्यक्ती दाखवतंय, मॅडम. आपण... आपण नक्की कोण बोलताय?"

तेवढ्यात नानांच्या कॉम्प्युटरने टिंग केलं.

तिने फोन ठेवला आणि नानांच्या खुर्चीत सरकली. नानांचं कार्ड तिने येतानाच त्यांच्या मशीनला लावून ठेवलं होतं. पडद्यावर अर्ज आला होता. खात्रीनानांचे खाते बंद करावे. कारण, खातेदार हयात नाही. अर्जदार म्हणून तिचं नाव. खाली दोन चौकोन, मान्य आणि अमान्य.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण तो ओळखीचा काटा होता, धंद्यातला. कोणीतरी आपल्या नावाने आत शिरलंय. हेच ते, ज्याची ती वर्षानुवर्षं सगळ्यांना भीती घालत आली होती. तिने दोन बोटांनी अमान्य दाबलं.

टिंग. तोच अर्ज.

अमान्य.

टिंग.

ही चाल तिला ठाऊक होती. चोराकडे पासवर्ड असतो, फक्त मालकाचा होकार हवा असतो. मग तो विचारत राहतो. पुन्हा पुन्हा, जेवताना, गाडीत, अंथरुणात. कधी ना कधी माणूस कंटाळतो आणि एकदाचा हो म्हणतो. तिने या एका गोष्टीवर अख्खं भाषण बसवलं होतं. तुम्ही स्वतः काही मागितलं नसेल तर कितीही वेळा विचारलं तरी हो म्हणायचं नाही, असं सांगून ती शेवटी सगळ्यांकडून मोठ्याने वदवून घ्यायची, शाळेतल्यासारखं.

टिंग. टिंग.

ती खुर्चीत मागे रेलली. कुलूप, किल्ली, चोर, शंका, यात आयुष्य गेलं होतं. वर तपासनीस बाई बसल्या असतील. हे खातं उघडं सापडलं तर बदली गेली, नोकरीही गेली, आणि बाबा त्या घरात एकटे चाचपडत राहणार. आणि अर्जात तरी काय वाईट होतं? ती स्वतः जे करायला खाली आली होती नेमकं तेच. एक शब्दही तिला बदलावासा वाटला नसता. चोर असेल तर मोठा कामसू चोर म्हणायचा, तिचं राहिलेलं काम करून देतोय.

टिंग.

"घे बाई," ती म्हणाली. "घे एकदाचं." कोणाला म्हणाली ते तिलाही कळलं नाही. दोन बोटं पुढे केली, थांबली, छताकडे पाहिलं, आणि मान्य दाबलं.

पडदा काळा झाला. खात्रीनानांचं खातं बंद झालं, जोडीच्या नियमाप्रमाणे, दोघांच्या संमतीने, कुठेही खोट काढता येणार नाही असं.

थोडा वेळ ती तशीच बसली. मग वर जाऊन त्या मीटिंग रूममध्ये कोण आहे ते बघावं म्हणून उठली. तळघराचं दार जाड, लोखंडी, आतून बाहेरून कार्डावर चालणारं. तिने आपलं कार्ड टेकवलं. लाल दिवा लागला आणि बारीक अक्षरं आली, खातेदार या खोलीत नाही. नानांचं कार्ड टेकवलं. हे कार्ड रद्द झाले आहे.

आत दोन माणसं कामाला होती. त्यातलं एक वारलं होतं आणि दुसरं वर बसलं होतं. दाराच्या हिशेबात खोली रिकामी होती.

तिने दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. सुट्टीचा दिवस, तळघर, कोण ऐकणार? मोबाईलला तिथे रेंज कधीच नसायची. टेबलावरच्या फोनने तिने मीटिंग रूमचा नंबर लावला. उचलला तपासनीस बाईंनी.

"मी सुरक्षा विभागातून बोलतेय," ती दबक्या आवाजात म्हणाली. का दबक्या, कोण जाणे. "खाली अडकलेय. तुमच्यासमोर कोणी बसलं असेल तर... ती मी नाही. तिला काही दाखवू नका, काही सह्या देऊ नका..."

पलीकडे तपासनीस बाई मनापासून हसल्या.

"अय्या, काय हुबेहूब आवाज आहे हो! अगदी तुमचाच, फक्त थकलेला." हे त्या फोनमध्ये बोलत नव्हत्या. त्यांच्यासमोर बसलेल्या कोणाला तरी सांगत होत्या. "हीच ना ती तुमची चाचणी? मशीनने काढलेला आवाज?"

आणि मग तिला तो दुसरा आवाज ऐकू आला. जरा लांबून, टेबलापलीकडून. "हेच तर मी सांगत होते, बाई. आता आवाजावर विसंबायचे दिवस गेले. ठेवून द्या तुम्ही."

तो तिचा आवाज होता. पण भरपूर झोपून उठलेला, नीट जेवलेला. त्यात हसू होतं. असं आपण शेवटचं कधी हसलो होतो हे ती आठवायला लागली, आणि फोन ठेवला गेला. नंतर तिने पुन्हा पुन्हा लावला, गेटवरही लावून बघितला, कोणी उचलला नाही.

तिला रडू आलं नाही. ती नानांच्या खुर्चीत जाऊन बसली, कारण ती दारापासून लांब होती. थंड हवेची घरघर चालू होती. तिने हात काखेत घालून घेतले. काचेमागे हिरवे दिवे शांतपणे मिचकत होते, कुठे काही बिघडलेलं नव्हतं. सगळं जिथल्या तिथे, सुरक्षित. थोड्या वेळाने तिचा डोळाही लागला असावा.

संध्याकाळी दार उघडलं ते वॉचमनने.

"ताई?" तो दारातच थबकला. "तुम्ही परत कधी आलात?"

"परत म्हणजे?"

"दुपारीच गेलात ना तुम्ही. सगळ्यांना भेटून गेलात. एवढी वर्षं इथे आहे, पण तुम्हाला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा बघितलं, खोटं नाही सांगत." तो तिच्याकडे निरखून बघत होता आणि बघताना हळूहळू मागे सरत होता. "जाताना मला म्हणालात, संध्याकाळच्या फेरीला तळघराचं दार एकदा उघडून बघ. आत काही राहिलंय का ते."

ती त्याच्या शेजारून बाहेर पडली. तो अंग चोरून भिंतीला चिकटला.

केबिनमध्ये टेबल पुसून लख्ख केलेलं होतं. बॅग नव्हती. बदलीचं पत्र मिळाल्याची सही रजिस्टरात होती, तिचीच, वळणदार, वर्षभरात तिची सही अशी एकदाही आली नव्हती. तपासनीस बाईंनी शेरा मारला होता, सर्व व्यवस्था उत्तम. हॉस्पिटलच्या दृष्टीने सगळं नियमाप्रमाणे पार पडलं होतं.

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. दिवे लागले होते. दुकानं, स्कूटर, फुटपाथवर उभं राहून चहा पिणारी माणसं, सगळं नेहमीसारखं होतं. मोबाईलला रेंज आली तशी तिने बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजला.

"हॅलो," बाबा म्हणाले. आवाजात उत्साह होता. मागे भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी स्वयंपाकघरात होतं.

"बाबा... मी बोलतेय."

मागची भांडी वाजतच होती.

"बाबा, घरात कोण आलंय? ऐका माझं. शेजाऱ्यांना बोलवा. मी निघतेच आहे, आत्ता बसमध्ये बसते. तोवर तुम्ही तिच्याशी..."

"हे बघा," बाबा म्हणाले. त्यांनी तिला आयुष्यात कधी अहोजाहो केलं नव्हतं. "माझी मुलगी घरी आलीय. आणि असे फोन येतात, ओळखीच्या माणसाचा आवाज काढून, हे मला तिनेच शिकवलंय. मी म्हातारा आहे, पण खुळा नाही."

"मीच शिकवलंय, बाबा. मीच. असा फोन आला तर काय करायचं तेही मीच सांगितलं होतं. आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत नाही असं काहीतरी विचारायचं. विचारा. विचारा ना."

भांड्यांचा आवाज थांबला होता. मग ते हळू आवाजात, फोनवर हात धरून बोलल्यासारखे म्हणाले, "तिची आई गेली त्या दिवशी... माझी मुलगी कुठे बसून रडली?"

तिने तोंड उघडलं. उत्तर होतं, अगदी जिभेवर होतं. पण मध्ये सगळी वर्षं आली, तळघर आलं, लाल पट्ट्या आल्या, आणि त्यातून वाट काढत त्या घरात, त्या दिवसात पोचायला तिला वेळ लागला. तिची नजर वर गेली. वर रस्त्यावरचा दिवा होता.

"न्हाणीघरात," ती म्हणाली. "नळ सोडून. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून."

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"बाबा? बरोबर आहे ना? बाबा..."

"तिनेही हेच सांगितलं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. "दारात आल्या आल्या विचारलं मी, शिकवलं होतं ना तिने. हेच सांगितलं. पण तिला... तिला आठवावं नाही लागलं."

"बाबा, मी थकलेय हो. म्हणून फक्त..."

"ती नाही थकलेली," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

ती बसस्टॉपच्या बाकावर बसली. बाबांच्या गावची बस समोर येऊन उभी राहिली. कंडक्टरने गावाचं नाव दोनदा पुकारलं. उठावं असं तिला फार वाटलं. बस गेली.

हातातला फोन थरथरला. बाबांच्या नंबरवरून संदेश आला होता. बाबांना अक्षरं दिसत नव्हती, त्यांनी जन्मात कधी कोणाला संदेश पाठवला नव्हता.

त्यांचं जेवण झालंय, आता झोपतील. पुन्हा फोन करू नकोस, ते घाबरतात. गॅस मी बंद केलाय, दोनदा बघितलाय. तू आता आराम कर.

तिने तो वाचला, परत वाचला. तिने किंचाळायला हवं होतं, धावत सुटायला हवं होतं. पण पाठ बाकाला टेकली, खांदे सैल झाले. वर्षभरात पहिल्यांदा तिला हायसं वाटलं.